नेम आणि फांसा

महाभारतांत द्रौपदीच्या भाग्याचा निर्णय दोन वेळां खेळानें झाला आहे. द्रुपदाच्या राजधानींत अर्जुनानें नेम साधून तिला जिंकलें. पुढें हस्तिनापुरच्या सभेंत युधिष्ठिरानें तिला पणास लावून घालविलें. नेमानें आलें तें फांशानें गेलें. पहिल्या प्रसंगास आपल्या पूर्वजांनीं पराक्रम म्हटलें आणि दुसऱ्यास व्यसन. वास्तविक दोन्ही ठिकाणीं पण होता आणि दोन्ही ठिकाणीं सभा भरलेली होती. भेद इतकाच कीं, बाण सोडणाऱ्याच्या हातांत वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. फांशावर विसंबणाऱ्याच्या हातांत केवळ आशा होती.

हा भेद पुराणांतच राहिलेला नाहीं. वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, मुंबई–अहमदाबाद महामार्गाच्या बाजूला वालीव म्हणून जें गांव आहे, तें आज लहानमोठ्या कारखान्यांनीं वेढलेलें आहे. अशा कामगारवस्तींत पाळी सुटल्यावर कॅरमचा बोर्ड मांडला जावा, चौघांनीं खेळावें आणि दहाजणांनीं उभ्यानें पाहावें, यांत नवल नाहीं. परंतु त्याच बोर्डाभोंवतीं कोणीं चहाची पैज लावली कीं, शेजारचीं वडील माणसें नाक मुरडतात आणि विचारतात, हा खेळ कीं जुगार? श्रमजीवी माणसाच्या करमणुकीस हा प्रश्न सहज विचारला जातो. श्रीमंतांच्या बिलियर्डच्या टेबलास तो क्वचितच विचारला गेला. इंग्लंडांतील कामगारांच्या एका खेळानें या प्रश्नाचें उत्तर कसें मिळविलें, याचा इतिहास म्हणूनच आपल्याकडेहि जाणण्यासारखा आहे. त्या खेळाचें नांव डार्ट्स.

डार्ट्स म्हणजे हातानें फेकावयाचे, मागें पिसारा लावलेले लहान टोकदार बाण. भिंतीवर एक वाटोळें लक्ष्य टांगतात. त्याचा मध्य जमिनीपासून ५ फूट ८ इंच उंच असतो, आणि खेळाडू सुमारें पावणेआठ फुटांवरील रेषेमागें उभा राहतो. लक्ष्याचे वीस भाग पाडलेले असून प्रत्येकास १ पासून २० पर्यंतचा एक आंकडा दिलेला असतो. बाहेरच्या अरुंद कड्यांत बाण रुतला तर त्या आंकड्याच्या दुप्पट गुण मिळतात, आंतल्या अरुंद कड्यांत रुतला तर तिप्पट. खेळाडूच्या नांवावर आरंभीं ५०१ गुण मांडतात. प्रत्येक खेपेस तीन बाण फेकून मिळालेले गुण त्यांतून वजा करीत जावयाचे, आणि शेवटचा बाण दुपटीच्या जागीं बसून बाकी बरोबर शून्य झाली पाहिजे. हातास नेम आणि डोक्यास तोंडचा हिशेब, अशीं दोन्हीं या खेळास लागतात.

लक्ष्याची खरी खुबी आंकड्यांच्या मांडणींत आहे. सर्वांत वर २०; पण त्याच्या एका बाजूस १ आणि दुसऱ्या बाजूस ५. तसेंच १९ च्या शेजारीं ३ आणि ७. लोभानें विसाकडे बाण फेकावा आणि हात किंचित् हलावा, कीं पदरांत एक पडतो! विसाच्या नादांत नवशिक्यास २०, ५ आणि १ मिळून २६ गुण पडतात. इंग्रज लोक त्यास थट्टेनें ‘रात्रीचा मुक्काम आणि न्याहारी’ म्हणतात, कारण जुन्या काळीं त्यांचा दर दोन शिलिंग सहा पेन्स होता. ही मांडणी १८९६ सालीं लँकेशायरमधील ब्रायन गॅमलिन नांवाच्या सुतारानें केली, असें परंपरा सांगते. ती कोणींहि केली असो, तिचा हेतु उघड आहे: आंधळ्या फेकीस शिक्षा आणि सरावलेल्या हातास बक्षीस.

तरीहि या खेळावर संशय आलाच. नशिबाचे खेळ मद्यगृहांत चालूं देणें हा इंग्लंडांत गुन्हा होता. या संबंधांत १९०८ सालची लीड्स शहरांतील एक कथा डार्ट्सचे खेळाडू मोठ्या अभिमानानें सांगतात. डार्ट्स खेळूं दिल्याबद्दल एका मद्यगृहाच्या मालकास न्यायालयांत उभें करण्यांत आलें. त्यानें तेथेंच लक्ष्य टांगविलें, आणि अनाकिन नांवाच्या पटाईत खेळाडूनें तिन्ही बाण विसाच्या भागांत मारून दाखविले. न्यायालयांतील एका कारकुनास तसेंच करण्यास सांगितलें, तेव्हां त्याला तें साधेना. अनाकिननें मात्र पुन्हां तोच नेम साधला, आणि मालक निर्दोष सुटला. कथेस कालांतरानें तिखटमीठ लागलें असेल. परंतु तिच्यांतील कसोटी चोख आहे. जें एकदां घडतें तें नशीब असूं शकेल. जें आधीं सांगून पुन्हां पुन्हां घडवितां येतें, तें कौशल्यच होय.

संशय फिटला तरी प्रतिष्ठा हळूहळूच येते. १९२७ सालीं न्यूज ऑफ द वर्ल्ड या साप्ताहिकानें लंडन भागांत डार्ट्सची मोठी स्पर्धा सुरू केली. १९३७ सालीं स्लाउ या गांवीं एका सार्वजनिक केंद्रास भेट देतांना राजा सहावा जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ यांनीं स्वतः डार्ट्स फेकून पाहिले, आणि राणीसाहेबांचे गुण राजापेक्षां अधिक भरले! १९३९ सालीं लंडनच्या एका प्रचंड सभागृहांत सामने पाहण्यास चौदा हजारांहून अधिक लोक लोटले होते.

खेळ हा निर्वाहाचा धंदा होण्यास मात्र दूरचित्रवाणीची वाट पाहावी लागली. १९७३ सालीं ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशन स्थापन झाली, आणि १९७८ सालीं नॉटिंगहॅम येथें पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. ती वेल्सच्या लेटन रीसनें जिंकली. १९८४ सालीं, राजानें जेथें बाण फेकून पाहिले त्याच स्लाउमध्यें, जॉन लो यानें ५०१ गुण अवघ्या नऊ बाणांत फेडले. याहून कमी बाणांत तें होणेंच शक्य नाहीं. पुढें बक्षिसें व सामने घटूं लागले, तेव्हां १९९२ सालीं कांहीं नामांकित खेळाडू जुन्या संस्थेतून फुटले. त्यांच्या संस्थेची पहिली जागतिक स्पर्धा १९९४ सालीं झाली. तीच आजची प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन. जागतिक विजेतेपद सोळा वेळां मिळविणारा फिल टेलर हा स्टोक-ऑन-ट्रेंट येथील चिनीमातीच्या कारखान्यांतला कामगार. एरिक ब्रिस्टो या पांच वेळां जगज्जेत्या ठरलेल्या खेळाडूनें त्याचा हात ओळखला आणि त्यास द्रव्यसाह्य केलें. २००५ सालीं इंग्लंडच्या क्रीडामंडळानें डार्ट्सला रीतसर क्रीडेचा दर्जा दिला. लीड्सच्या कथेपासून तेथपर्यंत जवळजवळ एक शतक गेलें.

आतां आपल्याकडे पाहूं. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यांतच, केवळ कौशल्याच्या खेळांस हा कायदा लागू नाहीं, असें कलम होतें. स्वातंत्र्यानंतर बंगलोरच्या एका साप्ताहिकांतील शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांवर मुंबई सरकारनें कर बसविला, तेव्हां चमारबागवाला यांचा गाजलेला खटला उभा राहिला. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, जुगार हा घटनेनें संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. आणि ज्या स्पर्धेंतील यश बऱ्याच अंशीं कौशल्यावर अवलंबून नसतें, ती जुगारच होय. पुढें १९६७ सालीं रमी या पत्त्यांच्या खेळास आणि १९९६ सालीं घोड्यांच्या शर्यतींस त्याच न्यायालयानें कौशल्याच्या बाजूस बसविलें. लीड्सच्या कथेंतला प्रश्नच येथें काळा डगला घालून उभा होता.

परंतु २०२५ सालीं संसदेनें ऑनलाइन खेळांसंबंधीं कायदा केला, त्यांत एक नवा विचार आला. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्यानें मना केले. खेळ कोणता एवढेंच पाहून भागत नाहीं, माणूस त्यांत काय पणास लावतो हेंहि पाहिलें पाहिजे, असा याचा अर्थ. युधिष्ठिराची सभा येथें पुन्हां आठवते. फांसा नसून धनुष्य असतें, तरी स्त्रीला पणास लावणें कधींहि धर्म ठरलें नसतें.

व्यावसायिक डार्ट्समध्यें खेळाडू पणास लावतो तें स्वतःचा सराव; बक्षीस स्पर्धेचे चालक देतात. डिसेंबर २०१९ मध्यें फॅलन शेरॉक हिनें या जागतिक स्पर्धेंत पुरुष प्रतिस्पर्ध्यास हरवून स्त्रियांना वाट करून दिली. २०२५ च्या जानेवारींत ल्यूक लिटलर हा अवघ्या सतरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नितीन कुमार या खेळाडूनें तेथें सामना जिंकला, आणि असें करणारा तो पहिला भारतीय ठरला.

वालीवच्या एखाद्या खोलींत आज संध्याकाळीं कॅरमचा बोर्ड मांडला जाईल. कोणा तरुणाची सोंगटी कोपऱ्यांतल्या भोंकांत अलगद उतरेल, आणि पाहणारा म्हणेल, ‘नशीब!’ त्यानें घाई करूं नये. तीच सोंगटी पुन्हां मारण्यास सांगावें. ती पुन्हां उतरली, तर त्या हातास मान द्यावा. आणि खिशांतले पैसे खिशांतच राहूं द्यावे.