शेळीचा पाय आणि माझी छाती

गेल्या डिसेंबरात ऑफिसच्या ग्रुपबरोबर तारकर्लीला गेलो होतो. स्कूबाचं बुकिंग सगळ्यांचं झालेलं. बोटीत चढण्याआधी हातात एक फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता : दमा आहे का, किंवा पूर्वी कधी होता का? आठवीपर्यंत माझ्या दप्तरात इन्हेलर असायचा. नंतर कधी त्रास झाला नाही. मागून मित्र म्हणाला, "अरे, 'नाही' लिही आणि चल. सगळे थांबलेत."

आदल्या रात्री मी आकडे शोधले होते. अमेरिकेतल्या 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क'च्या विमाधारकांत २००० ते २००६ या काळात दर लाख माणसांमागे वर्षाला साधारण १६ मृत्यू झाले होते. आकडा लहान वाटला आणि मी निवांत झोपलो. फॉर्म हातात आल्यावर मात्र वाटलं, या लाखात मी आहे का? ते लोक विमा काढून वर्षानुवर्षं डाइव्ह करणारे. मी पहिल्यांदाच पाण्याखाली जाणारा, तोही जुना दमेकरी.

पाण्याखालच्या धोक्याला आकड्यांत बांधण्याची धडपड जुनी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया नदीच्या तळाशी, दाबलेली हवा भरलेल्या मोठ्या पेट्यांत उतरून खणला गेला. वर आलेले मजूर सांधेदुखीने वाकडे व्हायचे, काही दगावले. मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः १८७२ साली या आजाराने अंथरुणाला खिळला. १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बेरने कारण सांगितलं : दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, दाब झटकन उतरला की बुडबुडे होऊन बाहेर पडतो. सोड्याची बाटली उघडावी तसा.

पण किती खोल, किती वेळ आणि किती सावकाश वर यायचं? ब्रिटिश नौदलाला याचं उत्तर हवं होतं. ते काम जॉन स्कॉट हॉल्डेनकडे आलं. त्याने शेळ्यांना पोलादी टाकीत दाबाखाली ठेवलं आणि मग दाब उतरवला. शेळीने पुढचा पाय उचलून धरला की समजायचं, सांधा दुखतोय. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या एका खाडीत डॅमंट आणि कॅटो हे नौदलाचे दोघे त्याच्या हिशोबावर विसंबून २१० फूट खाली गेले आणि सुखरूप वर आले. १९०८ मध्ये तक्ते छापून आले. टप्प्याटप्प्याने थांबत वर यायची पद्धत तिथूनच रुळली.

मला त्या प्रयोगांतली एक गोष्ट अस्वस्थ करते. दाब तोच, वेळ तोच, तरी एक शेळी लंगडायची आणि शेजारची मजेत असायची. हॉल्डेनला हे दिसत होतं. पण तक्ता प्रत्येक शेळीसाठी वेगळा बनत नाही. बहुतेकांना चालेल अशी रेघ कुठेतरी ओढावीच लागते.

आज डायव्हरच्या मनगटावर कॉम्प्युटर असतो. त्यातल्या अनेकांत झुरिकच्या ब्यूलमानचं गणित चालतं : शरीराचे १६ काल्पनिक कप्पे, प्रत्येकाचा नायट्रोजन भरण्या-सुटण्याचा वेग वेगळा. मी कोड लिहितो, त्यामुळे हे वाचून भारावलो. पण त्या प्रोग्रॅमला मिळणारं इनपुट काय? मुख्यतः खोली, वेळ आणि सिलिंडरमधला वायू. माझा इन्हेलर त्यात कुठेच नाही.

शिवाय माझा धोका नायट्रोजनचा नव्हताच. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे भरलेली छाती वर येताना मोकळी झाली नाही, तर हवा फुगून दुप्पट जागा मागते. दम्याने आकसलेल्या नळीमागे ती अडकली, तर फुप्फुस फाटू शकतं. त्यासाठी फार खोल जावं लागत नाही.

मी 'हो' लिहिलं. इन्स्ट्रक्टरने वाचलं आणि शांतपणे म्हणाला, "दादा, डॉक्टरचं पत्र आणा, मग नेतो." मी दोन तास बोटीत बसून सगळ्यांचे फोन सांभाळले. ग्रुपवर अजून माझी टिंगल चालते.

पुण्यात आल्यावर छातीच्या डॉक्टरकडे नळीत फुंकायची तपासणी करून आलो. पुढच्या तपासण्या बाकी आहेत. पत्र मिळेल की नाही, माहीत नाही. पण लाखात १६ हा माझा आकडा नव्हता, आणि माझा आकडा काढायची सुरुवात त्या फॉर्मवरच्या एका खऱ्या उत्तराने झाली.