निर्वृक्ष मैदान आणि दोन चाकें

पुणें शहराचा आणि सायकलचा ऋणानुबंध जुना आहे. तासाच्या भाड्यानें मिळणारी सायकल, तिच्यावर डकविलेला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला, मागें दुसऱ्यास बसविलें म्हणून चौकांत पोलिसानें केलेली अडवणूक, आणि दिवा विझला म्हणून लकडी पुलावरून सायकल हातीं धरून पायीं जाण्याचा प्रसंग, या गोष्टी ज्यांना ठाऊक नाहींत असे जुने पुणेकर विरळाच. परंतु त्या सायकलची धाव बहुधा शनिपारापासून कॅम्पापर्यंत, फार तर सुटीच्या दिवशीं सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत. तहान लागली तर वाटेवरच्या कोणत्याही दारीं पाणी मागावें. तें मिळतें, आणि वर गुळाचा खडाही मिळतो.

पाणी मागण्यास जेथें दारच नाहीं, अशा मुलुखांतून याच शहरांतील एका मुलीची सायकल गेली. वेदांगी कुलकर्णी ही विशीच्या उंबरठ्यावरील पुण्याची तरुणी १७ जुलै २०१८ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ शहरांतून सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. तिचें पहिलें लक्ष्य होतें त्या खंडाच्या पूर्व किनाऱ्यावरील ब्रिस्बेन, आणि या दोहोंच्या वाटेवर नलरबॉर नांवाचें मैदान पसरलेलें आहे. या मैदानावरून पहिली सायकल गेली ती तिच्या आधीं १२२ वर्षें. आणि त्या सायकलची कथा सांगावयाची तर त्याच्याही मागें जावें लागतें. कारण तेथें खरा प्रश्न चाकांचा नव्हता, पाण्याचा होता.

नलरबॉर हा शब्द तेथील मूळच्या रहिवाशांचा असावा असें ऐकणारास वाटतें, पण तो लॅटिन आहे. डेलिसर नांवाच्या मोजणीदारानें १८६० ते १८७० या दशकांत 'एकही झाड नाहीं' या अर्थाचे दोन लॅटिन शब्द जोडून तो बनविला. मैदानाचें क्षेत्रफळ सुमारें दोन लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. कोट्यवधि वर्षांपूर्वीं हा समुद्राचा तळ होता; तो वर उचलला गेला आणि चुनखडकाचें एक अफाट पठार उघडें पडलें. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी धरून ठेवतो. गडाच्या माथ्यावर टांकें खोदलें तर तें वैशाखांतही आटत नाहीं. चुनखडकाचें वर्तन याच्या अगदीं उलट. वर्षाकांठीं जो काय आठ-दहा इंच पाऊस पडतो तो भेगांतून खालीं झिरपून जातो आणि खोल गुहांत बहुधा खारट होऊन बसतो. सबंध मैदानावर वाहती नदी एकही नाहीं. खुरटीं, खारट पानांचीं झुडपें क्षितिजापर्यंत, आणि दक्षिणेस समुद्रांत सरळ तुटलेला उंच कडा.

तथापि या भूमीला निर्जन म्हणणें चूक ठरेल. कूनाल्डा नांवाच्या गुहेंत साठ मीटरांहून अधिक खोल उतरून तेथील मूळचे रहिवासी हत्यारांसाठीं गारगोटी काढीत असत, आणि अंधारांत मऊ भिंतींवर त्यांनीं बोटांनीं ओढलेल्या रेघा आजही दिसतात. हें काम २० हजार वर्षांहून जुनें आहे. किनाऱ्याकडील मिर्निंग लोकांस पाण्याच्या जागा तोंडपाठ होत्या: कोणत्या वाळूच्या टेकडीमागें हातानें उकरलें तर गोडें पाणी लागतें, कोणत्या झाडाचें मूळ तोडून उभें धरलें तर थेंब ठिबकतात, खडकांतील कोणत्या खळग्यावर दगड झांकलेला आहे. हें ज्ञान हेंच त्या मैदानाचें खरें धन होतें.

युरोपियनांपैकीं या किनाऱ्यानें पूर्वेकडून पश्चिमेस प्रथम गेला तो एडवर्ड जॉन एअर. २५ फेब्रुवारी १८४१ रोजीं तो फाउलर्स बे येथून निघाला. बरोबर जॉन बॅक्स्टर हा विश्वासू मुकादम, मूळच्या रहिवाशांपैकीं तीन तरुण, कांहीं घोडीं आणि थोड्या मेंढ्या. वाटेंत भेटलेल्या लोकांनीं पाण्याच्या जागा दाखविल्या म्हणून तो पुढें सरकला. दोन ठिकाणांमधील अंतर इतकें कीं जनावरांस आठवडा आठवडा पाणी नव्हतें. पहाटे झुडपांवर पडलेलें दंव स्पंजानें टिपून तें भांड्यांत पिळावें, अशीही पाळी आली. २९ एप्रिलच्या रात्रीं तिघांपैकीं दोघांनीं बॅक्स्टरला गोळी घातली आणि शिधा व बंदुका घेऊन ते निघून गेले. तेथील खडक असा अखंड कीं प्रेतासाठीं खड्डा खणतां येईना. तें घोंगडींत गुंडाळून तसेंच ठेवून एअर पुढें निघाला. बरोबर राहिला तो तिसरा तरुण वायली. पुढें एका फ्रेंच देवमासेमारी जहाजानें या दोघांस कांहीं दिवस आसरा दिला, आणि ७ जुलै रोजीं ते ऑल्बनी येथें पोंचले. तो मुलूख वायलीचा स्वतःचा होता. नकाशावर मात्र नांव एकट्या एअरचेंच पडलें. त्या मार्गावरील राजरस्ता आज त्याच्याच नांवानें ओळखला जातो. 'अमक्यानें प्रथम ओलांडलें' असें वाक्य शाळेंतील पोरांकडून घोकून घेतांना वायलीसारख्याचें नांव गाळलें जातें, हा दोष केवळ ऑस्ट्रेलियाच्या इतिहासांत आहे असें नाहीं.

एअरनंतर छत्तीस वर्षांनीं, १८७७ च्या डिसेंबरांत, पूर्व व पश्चिम वसाहती जोडणारी तार या किनाऱ्यानें सुरू झाली. मध्यें यूक्ला येथें मोठें तारघर होतें. दोन वसाहतींच्या तारेची सांकेतिक लिपी निराळी असल्यामुळें एका बाजूच्या कारकुनानें संदेश उतरून घ्यावा, दुसऱ्या बाजूच्या कारकुनाच्या हातीं द्यावा, आणि त्यानें तो आपल्या लिपींत पुढें पाठवावा, असा तेथील क्रम होता. सायकलच्या इतिहासांत या तारेचें महत्त्व निराळेंच आहे. जेथें तारघर तेथें माणूस, आणि जेथें माणूस तेथें पावसाचें पाणी सांठविलेली टांकी. शिवाय खांबांची ओळ हीच वाट. चुकण्याचें भय कमी.

याच सुमारास मदुरा नांवाच्या ठाण्यावर १८७६ पासून घोड्यांची पैदास सुरू झाली होती, आणि ती हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेसाठीं. ऑस्ट्रेलियांतून येणाऱ्या अशा घोड्यांस 'वेलर' म्हणत. पुण्याच्या लष्करासही ते परके नव्हते. हिंदुस्थानाशीं या प्रदेशाचा दुसरा धागा उंटांचा. १८६६ सालीं कराचीहून आणलेले शंभरावर उंट दक्षिण ऑस्ट्रेलियांत कामाला लागले, आणि कराची तेव्हां मुंबई इलाख्यांतच मोडत असे. त्यांचे हांकणारे बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण. तिकडे मात्र सर्वांसच सरसकट 'अफगाण' म्हणत.

१८९२ मध्यें पश्चिमेकडील कूलगार्डी येथें सोनें सांपडलें आणि त्या कोरड्या मुलुखांत माणसांची रीघ लागली. घोड्याच्या दाणापाण्याचाच खर्च असा कीं पुष्कळांस घोडा परवडेना. अशा वेळीं सायकल तेथें अवतरली. हवेच्या धांवेची नवी सायकल तेव्हां जेमतेम दहा वर्षांच्या आंतली. डनलॉपचा शोध १८८८ चा. ती ना चारा खाई ना पाणी पिई. खाणीच्या वस्त्यांमधून पत्रें व तारा पोंचविणारे सायकलस्वार धांवूं लागले. त्यांची वाट बहुधा उंटांनीं केलेली असे. उंटाचा तळवा रुंद आणि मऊ. तांड्यांच्या ये-जा करण्यानें जमीन चोपून निघे, आणि सायकलच्या चाकाला ती गाडीरस्त्यापेक्षां बरी पडे. सोन्याच्या प्रदेशांतील सायकल सिंध-बलुचिस्तानच्या उंटवाल्यांच्या पायवाटेवरून धांवली, ही गोष्ट मौजेची खरी, पण निव्वळ मौजेची नव्हे.

याच खाणींच्या मुलुखांतला एक तरुण आर्थर रिचर्डसन. जन्म ब्राझील देशांत, १८७२ चा. २४ नोव्हेंबर १८९६ रोजीं तो कूलगार्डीहून अॅडेलेडकडे सायकलवर निघाला. तिकडे हा ऐन उन्हाळा. सामान म्हणाल तर एक लहानशी वळकटी आणि पाण्याची पिशवी. अंतर सुमारें दोन हजार किलोमीटर, आणि मैदानाच्या भागांत दिशा दाखविणारी ती तारेच्या खांबांची रांग. मदुरेच्या पश्चिमेस २४ मैल वाळूच्या टेकड्या लागल्या. अशा वाळूंत चाक रुततें आणि सायकलस्वाराचा हमाल होतो. उष्मा किती होता असें पुढें विचारतां सावलींत सुमारें हजार अंश असें तो थट्टेनें म्हणाला. पण सावली होती कोठें! एकतीस दिवसांनीं तो अॅडेलेडास पोंचला, आणि नलरबॉर सायकलवर ओलांडणारा पहिला पुरुष म्हणून त्याची नोंद झाली. ५ जून १८९९ ते ४ फेब्रुवारी १९०० या काळांत त्यानें सबंध ऑस्ट्रेलियाची प्रदक्षिणाही केली. तें अंतर ११,५०० मैलांचें.

रिचर्डसनचें धाडस मोठें होतें, यांत संशय नाहीं. परंतु त्याच्या पाण्याच्या पिशवींत शिरणारें पाणी तारघराच्या टांकीचें होतें. तारेची माणसें तेथें टिकलीं तीं पाणी सांपडलें म्हणून, आणि मैदानावर पाणी कोठें सांपडतें हें गोऱ्या माणसास प्रथम दाखविणारे निराळेच होते.

यापुढील प्रकरण वाचतांना मन प्रसन्न राहात नाहीं. पोर्ट ऑगस्टापासून कॅलगूर्लीपर्यंत रेल्वे बांधण्यास १९१२ त आरंभ झाला, आणि १७ ऑक्टोबर १९१७ रोजीं दोन्ही बाजूंचे रूळ ऊल्डिया येथें जुळले. मैदानावर हा लोहमार्ग ४७८ किलोमीटर एका रेषेंत जातो. ऊल्डिया हें मैदानाच्या पूर्व कडेवरील झऱ्याचें ठिकाण. वाळूच्या टेकड्यांखालीं चिकणमातीचा थर, आणि त्या थरावर गोडें पाणी. शेंकडों मैलांवरून निरनिराळे लोक तेथें व्यवहाराला व धर्मविधींना जमत, कारण दुष्काळांतही तें पाणी हटत नसे. वाफेच्या एंजिनास पाणी पुष्कळ लागतें. रेल्वेनें तेथें विहिरींवर विहिरी पाडल्या. खोल जातां जातां खालचा मातीचा थर भेदला गेला, खारें पाणी वर आलें, आणि १९२६ पर्यंत तो झरा रेल्वेच्या कामाचा राहिला नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या जपलेलें पाणी नऊ वर्षांत संपलें. कात्रजच्या तलावाचें पाणी नळानें शहरांत खेळविणाऱ्या पेशवाईंतील लोकांनीं तलावाचा तळ कधीं फोडला नाहीं, एवढें येथें आठवतें.

राजरस्ता झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीनें, १९४१-४२ मध्यें. तो सर्व पक्का होण्यास मात्र १९७६ साल उजाडलें. आज नॉर्समनपासून सेडूनापर्यंतच्या सुमारें १,२०० किलोमीटरांत पेट्रोल, खाणें आणि निवारा देणारीं थोडींशीं ठाणीं आहेत. बॅलडोनियापासून कायगूना १८२ किलोमीटर. यांतला १४६ किलोमीटरांचा तुकडा असा कीं त्यांत एकही वळण नाहीं. पुण्याहून मुंबईस जावें, आणि मध्यें खंडाळ्याचा घाट तर नाहींच, पण रस्त्यानें कोठें मान सुद्धां वांकवूं नये, असा प्रकार. उन्हाळ्यांत सायकल चालविणारास दिवसाला आठ-दहा लिटर पाणी लागतें, आणि लिटरभर पाण्याचें वजन एक किलो. दोन ठाण्यांमध्यें दोन दिवस गेले तर पंधरा-वीस किलो ओझें केवळ पाण्याचें! ठाण्यांवरही जमिनींतून निघतें तें पाणी खारें. गोडें पाणी तेथें मोलाचें. म्हणून रस्त्याच्या कडेला कांहीं ठिकाणीं पत्र्याचीं छपरें उभारून त्यांवरील पावसाचें पाणी टांक्यांत सांठविलेलें असतें. तारघराच्या टांकीचीच ही नवी आवृत्ति.

वेदांगी या वाटेनें गेली ती तिकडच्या हिवाळ्यांत. रिचर्डसनच्या वेळचा उष्मा तिला नव्हता. पण लांबच लांब मालमोटारी अंगाजवळून जातांना वाऱ्याचा जो तडाखा देतात तो रिचर्डसनास ठाऊक नव्हता, आणि मोकळ्या मैदानावरची थंड रात्र कोणासच सोडीत नाहीं. तेथून ब्रिस्बेन, मग न्यूझीलंड, कॅनडा, आइसलँड, युरोपांतील देश, रशिया, आणि शेवटीं हिंदुस्थान. कॅनडांत अस्वल मागें लागलें, स्पेनमध्यें सुरा दाखवून तिला लुटण्यांत आलें. २३ डिसेंबर २०१८ रोजीं ती कलकत्त्यास पोंचली. १५९ दिवस, सुमारें २९ हजार किलोमीटर, चौदा देश. त्याच वर्षीं स्कॉटलंडच्या जेनी ग्रॅहम हिनें १२४ दिवसांत प्रदक्षिणा केली होती, म्हणून हा जगांतील विक्रम नव्हे. आशियांतील स्त्रियांत मात्र तेव्हां इतक्या थोड्या दिवसांत तो प्रवास कोणी केला नव्हता. पुण्यांत वृत्तपत्रांनीं तिचें कौतुक केलें तें अस्वलाच्या आणि सुऱ्याच्या प्रसंगांवर भर देऊन. नलरबॉरचा उल्लेख बहुधा ओझरताच.

प्रदक्षिणेचा आरंभ व शेवट एकाच ठिकाणीं व्हावा लागतो. त्यामुळें कलकत्त्यास पोंचल्यावरही थोडेसे किलोमीटर उरले होते, आणि ते पर्थला परत जाऊन पुरे करावयाचे होते.