ऑफ-सीझनमध्ये समुद्रकिनारी तंबू लावायचाय? आधी भरतीचं गणित समजून घ्या

दिवाळीच्या सुट्टीत किंवा 31 डिसेंबरला कोकणातल्या किनाऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्यातही तीच गत. त्यामुळे पावसाळ्यात किंवा पावसाळा सरता सरता तंबू घेऊन किनारा गाठण्याकडे अनेकांचा कल असतो. गर्दी कमी, खर्च कमी, निसर्ग हिरवागार. पण याच काळात समुद्राचा स्वभाव वेगळा असतो आणि किनाऱ्यावर मदतीला माणसंही कमी असतात.

ऑफ-सीझन म्हणजे नेमका कधी?

कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हा पावसाचा काळ. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. राज्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते. मुरुड-जंजिरा, सिंधुदुर्ग अशा जलदुर्गांकडे जाणाऱ्या होड्या साधारण मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बंद राहतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून कोळी बांधव पुन्हा होड्या लोटतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

म्हणून जून-जुलैमध्ये थेट वाळूवर तंबू लावण्याचा विचार सोडलेलाच बरा. या दिवसांत किनाऱ्याजवळच्या एखाद्या घराच्या अंगणात, पडवीत किंवा वाडीत परवानगीने मुक्काम करता येतो. नवख्यांसाठी सप्टेंबरचा शेवट ते दिवाळीआधीचे दिवस जास्त सोयीचे.

संध्याकाळची रुंद पुळण फसवते

समुद्राला साधारण 24 तास 50 मिनिटांत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वात मोठी असते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढतं, त्याला भांग म्हणतात.

भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला 4 ची पाऊणपट 3, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. हा हिशेब मुंबई-अलिबाग पट्ट्यात ढोबळमानाने जुळतो. मालवण, गोव्याकडे भरती त्याआधी येते. नेमकी वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच पाहावी.

आता पौर्णिमेचा विचार करा. चांदण्यात किनाऱ्यावर झोपायची हौस याच रात्री जास्त असते. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असते, वाळू दूरवर उघडी पडलेली दिसते आणि तंबू तिथेच लावला जातो. पुढे सगळे गाढ झोपेत असताना, बाराच्या सुमारास उधाणाची भरती येते.

मग तंबू कुठे लावायचा?

- मर्यादवेल पाहा. जांभळ्या फुलांची ही वेल वाळूवर पसरते. नेहमीच्या भरतीचं पाणी जिथे पोचतं, त्याच्या वर ती टिकते, म्हणून ती चांगली खूण आहे. तंबू तिच्याही मागे, जमिनीच्या बाजूला हवा. वेल तुडवू नये, तीच वाळू धरून ठेवते.
- ओला कचरा पाहा. काटक्या, शेवाळ, प्लास्टिकची रांग म्हणजे आदल्या भरतीची रेषा. उधाणात पाणी तिच्याही वर येऊ शकतं.
- खाडीचं मुख आणि ओढ्याचा काठ टाळा. डोंगरात पाऊस झाला की तिथे पाणी अचानक वाढतं.
- सुरूच्या बनात वर पाहा. वाऱ्यात फांद्या मोडतात. माडाखालीही तंबू नको, झावळी किंवा नारळ पडला तर गंभीर इजा होते.

जागा ठरवण्याआधी ग्रामपंचायतीला किंवा जागामालकाला विचारणं गरजेचं आहे. कुठलं पाणी कुठवर येतं, हे गावातल्या माणसांना चांगलं ठाऊक असतं.

सामानात काय हवं?

साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधायची आणि ती फूटभर खोल पुरायची, हा सोपा उपाय. पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, त्यामुळे तंबूची अरुंद बाजू तिकडे आणि दार उलट दिशेला ठेवावं. वरचं आवरण 3,000 मिलिमीटर जलरोधक क्षमतेचं असेल तर चांगलं. खाली अंथरलेलं प्लास्टिक तंबूच्या बाहेर आलं, तर पावसाचं पाणी त्यावर साचून आत शिरतं.

बॅटरी, बंद बूट आणि कोरड्या कपड्यांचा वेगळा जोड हवाच. कोकणात फुरसं हा विषारी साप आढळतो, त्यामुळे रात्री अनवाणी फिरू नये. तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी कधीही पेटवू नये. आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो आणि या वायूला वास नसतो.

पाण्यात उतरायचं का?

पावसाळ्यात नाही. लाटा फुटून आलेलं पाणी अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे परततं आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ओढून नेतं. कुणी त्यात सापडलंच, तर प्रवाहाविरुद्ध न झगडता किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ब्लू बॉटल हे निळसर डंख मारणारे जीव वाळूवर येतात. मेलेले दिसले तरी त्यांना हात लावू नये.

बेत कधी रद्द करायचा?

हवामान विभागाचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल, उंच लाटांचा इशारा असेल किंवा गावकरी नको म्हणत असतील, तर बेत पुढे ढकलावा. दूरच्या समुद्रात तयार झालेल्या लाटा इथे वारा नसतानाही येतात, त्यामुळे निरभ्र आकाशावर विसंबू नये. वीज कडाडू लागली की तंबू सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं, तंबू विजेपासून वाचवत नाही.

निघण्याआधी मुक्कामाची जागा आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवावी. आपत्कालीन मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा 1554 हे क्रमांक फोनमध्ये असू द्यावेत.