वापरलेली रिबन

गेल्या वर्षी अश्विन पौर्णिमेच्या दोन दिवस आधी दुकानात एक ताई आल्या. त्या दिवसांत तुळजापुरात पाय ठेवायला जागा नसते, सोलापूरकडून पायी येणाऱ्यांनी सगळा रस्ता भरलेला असतो. ताईंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला एक फोटो काढला. फ्रेमच्या काचेला चिकटून तो सोलवटला होता. कडेवरचं बाळ दिसत होतं, धरणाऱ्या बाईचा चेहरा मात्र काचेबरोबर निघून गेला होता. मागे आमच्या स्टुडिओचा शिक्का होता आणि साल २००६.

"भावाचं जावळ काढलं तवाचा हाय, दादा. आईचा दुसरा फोटोच नाय आमच्याकडं. तुमच्या कॉम्प्युटरात असंल की?"

कॉम्प्युटर होता, पण माळ्यावर. अण्णांनी तो २००४ मध्ये घेतला होता. सोबत डिजिटल कॅमेरा, स्कॅनर आणि पोस्टकार्डाएवढे फोटो काढणारा छोटा प्रिंटर. त्याआधी रोल भरला की एसटीनं सोलापूरच्या कलर लॅबला जायचा आणि फोटो गिऱ्हाइकाच्या गावी पोस्टानं. नवा प्रिंटर दीड-दोन मिनिटांत फोटो हातात द्यायचा, गाडी सुटायच्या आत. नवी जोडपी, जावळाची बाळं, कवड्यांच्या माळा घातलेले आराधी, सगळे त्या एका कॉम्प्युटरमधून गेले. सीडीवर उतरवून ठेवावं हे अण्णांच्या डोक्यात कधी आलंच नाही.

माळ्यावरून उतरवून बटण दाबलं, तर पडदा काळा आणि नुसत्या पीं-पीं शिट्ट्या. हा आजार मला माहीत होता. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडले की असं होतं. शाळेचा खोडरबर घेऊन ते घासले, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलला. पडदा उजळला. आणि मग हार्ड डिस्कमधून आवाज यायला लागला: कट... कट... कट.

हा आवाज आला की वीज ताबडतोब बंद करायची. आत फिरणाऱ्या तबकडीवरची माहिती वाचणारं हेड बिघडलेलं असतं, आणि प्रत्येक नव्या प्रयत्नात ते तबकडीवर ओरखडे काढू शकतं. पुण्यात एके ठिकाणी माहिती काढून देण्याचा खर्च विचारला. तो आकडा ताईंना सांगायचं माझं धाडस झालं नाही.

डिस्क गेली, तरी स्कॅनर आणि प्रिंटर होते, दोन्ही धडधाकट. माझ्या लॅपटॉपला जोडले, तर लॅपटॉपनं ओळखच दाखवली नाही.

याचं कारण म्हणजे ड्रायव्हर. ड्रायव्हर हा यंत्र आणि संगणक यांच्यातला दुभाषा. या दुभाष्यांचा इतिहास यंत्रांच्या इतिहासाइतकाच जुना आहे. १९७० मध्ये सेंट्रॉनिक्स कंपनीचा प्रिंटर आला आणि त्याची जोडणी पुढे रूढ झाली. १९८१ च्या आयबीएम पीसीवर ती पंचवीस पिनांचा रुंद पोर्ट होऊन आली. पण त्या काळच्या प्रिंटरच्या पोटात अक्षरं इंग्रजीच असायची. मराठी हवी तर प्रत्येक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी चित्रासारखं पाठवावं लागे. त्यासाठी आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सीडॅकनं वाढवलेलं जिस्ट तंत्रज्ञान होतं. संगणकात एक वेगळं कार्डच बसवायचं, म्हणजे मराठीसाठी एक जास्तीचा दुभाषा.

१९९२ मध्ये स्कॅनरसाठी ट्वेन नावाचा करार झाला. १९९६ मध्ये यूएसबी आली आणि वायरीचं तोंड एकसारखं झालं. भाषा मात्र ज्याची त्याची राहिली. अण्णांचा कॉम्प्युटर विंडोज एक्सपीवर चालायचा. एक्सपी २००१ ची, आणि मायक्रोसॉफ्टनं तिची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबवली. दरम्यान संगणक ३२ बिटचे ६४ बिटचे झाले, आणि ६४ बिटचं विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर स्वीकारत नाही. तो नव्यानं लिहावा लागतो. विकून झालेल्या यंत्रासाठी तो कोण लिहिणार? म्हणून यंत्र चांगलं असूनही भंगारात जातं.

याच अडवणुकीवर चिडलेला एक माणूस १९८० च्या सुमारास अमेरिकेत होता, एमआयटीचा रिचर्ड स्टॉलमन. प्रयोगशाळेतल्या झेरॉक्स कंपनीच्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. अडकला की सगळ्यांना निरोप जावा, एवढीच सुधारणा त्याला करायची होती. पण प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर त्याला दिला गेला नाही. १९८३ मध्ये त्यानं मुक्त सॉफ्टवेअरची जी चळवळ सुरू केली, तिच्यामागे हा प्रिंटरही होता. त्या वाटेनं पुढे लोकांनी जुन्या स्कॅनरांसाठी 'सेन' नावाचा दुभाष्यांचा संच लिहिला, फुकट. मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, आणि अण्णांचा स्कॅनर दिवा लावून सरकायला लागला.

प्रिंटरसाठी मात्र दुभाषा मिळाला नाही. शेवटी तो नुसता पुसून ठेवावा म्हणून उघडला, तर आत अर्धी वापरलेली रिबन होती. ती उजेडात धरली आणि मला तिच्यावर एक माणूस दिसला.

हे प्रिंटर शाई उडवत नाहीत. रिबनवर पिवळा, राणी, निळसर आणि शेवटी पारदर्शक असे फोटोएवढे पट्टे ओळीनं असतात. बारीक तापणारे ठिपके रिबनवरचा रंग तापवून कागदात उतरवतात, आणि कागद चार वेळा आत-बाहेर होतो. प्रत्येक पट्टा एकदाच वापरला जातो. जिथून रंग गेला तिथे पट्टा फिका पडतो. म्हणजे वापरलेल्या रिबनवर प्रत्येक फोटोची निगेटिव्ह उरते, एकदा नाही, तीनदा. (आधारकार्ड किंवा पासपोर्टचे फोटो असे काढून घेत असाल, तर त्या रिबनचं काय होतं हे दुकानदाराला जरूर विचारा.)

अण्णांनी वापरलेल्या कॅसेटी पोत्यात भरून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर स्केचपेननं तारीख. किती फोटो निघाले याचा हिशोब लावायला! २००६ च्या नवरात्राच्या सात कॅसेटी निघाल्या. पाचवीत बाळ सापडलं, आणि त्याला धरणारी बाई. केस पांढरे, चेहरा गडद, सगळं उलटं.

तिन्ही पट्टे पांढऱ्या कागदावर ठेवून स्कॅन केले आणि उलटे करून एकमेकांवर बसवले. ही युक्ती माझी नाही. १८६१ मध्ये लंडनला जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं तीन रंगांच्या द्रावणांतून घेतलेली तीन चित्रं एकावर एक पाडून पहिलं रंगीत छायाचित्र दाखवलं होतं. त्यात काय होतं, तर एक चौकड्यांची रिबन.

तुळजापूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्या दरबाराचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्या बघायला उजेड पुरतो. आणि आमच्याकडचा २००६ चा फोटो, जो 'कायम कॉम्प्युटरात राहील' असं अण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे, तोही शेवटी उजेडात धरूनच सापडला.

काम पूर्ण झालं नाही. पिवळा पट्टा दमटपणानं चिकटून सोलला होता, नेमका चेहऱ्यावरच. पिवळा नसला की लाल रंग राणी दिसतो आणि हळद दिसतच नाही. आईच्या कपाळावरचा मळवट राणी रंगाचा झाला होता. अंदाजानं पिवळा भरता आला असता. पण आधी ताईंना विचारावं म्हणून तसाच छापला.

ताई बराच वेळ बघत राहिल्या. "हीच. हळद कुठं गेली पर?"

मी पट्ट्याचं सांगितलं. भरून देऊ का, विचारलं.

"नको. चेहरा हाय तसाच ऱ्हाऊ द्या. भावाला व्हॉट्सॲपवर टाका आधी, त्यानं आईला बघितलेलंच नाय."

त्या गेल्यावर मी पोतं भंगारवाल्याला द्यायचं रद्द केलं. आता रोज रात्री दुकान बंद केल्यावर एक कॅसेट स्कॅन करतो आणि दोन ठिकाणी ठेवतो. तुमच्या घरीही माळ्यावर असा एखादा कॉम्प्युटर असेल. तो कट-कट करायला लागायच्या आत उतरवा. माझं पोतं अजून अर्धंही झालेलं नाही.