चालू न होणाऱ्या संगणकाचा इतिहास

१९ जुलै २०२४ रोजी देशातील अनेक विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर रवाना झाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. पण जो संगणक सुरूच होत नाही, त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी? यंत्रांतील माहिती जागच्या जागी होती. हरवली होती ती यंत्राची स्वतःहून उठण्याची शक्ती.

हा भेद जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने जेमतेम १० किलोबाइट होती. ती फेराइटच्या बारीक कड्यांची बनलेली असे. अशा कड्यातील बिट वाचला की तो पुसला जाई, म्हणून प्रत्येक वाचनानंतर यंत्र तो लगेच पुन्हा लिहीत असे. (पुनःस्थापनेचे याहून सूक्ष्म उदाहरण मला ठाऊक नाही.) आज्ञावली मात्र छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून आत येई. स्मृती बिघडली तरी फीत शाबूत असे. मूळ प्रत यंत्राबाहेरच होती.

१९८१च्या आयबीएम पीसीतही कार्यप्रणाली फ्लॉपीवरून चढवली जाई. १९८३च्या एक्सटी प्रतिमानात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपींनी आधीच घेतली होती, म्हणून तिला सी मिळाले. आपल्या सिस्टिम ड्राइव्हचे हे नाव तेव्हापासूनचे. सोय वाढली आणि मूळ प्रत यंत्राच्या पोटात गेली.

त्यामुळे केवळ फाइलींची नक्कल पुरत नाही. संगणक सुरू करणारा भाग, विभाजनांचा आराखडा आणि कार्यप्रणाली यांसह संपूर्ण ड्राइव्हची प्रतिमा वेगळ्या डिस्कवर हवी, आणि ती वाचायला बाहेरून यंत्र सुरू करणारा पेनड्राइव्हही. आनेकलहून इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला जाणाऱ्या मित्रांना मी विचारतो, बॅकअप आहे का? सगळे हो म्हणतात. तो एकदा तरी परत उतरवून पाहिला का, यावर बहुधा शांतता असते. माझ्या मते दुसरा प्रश्नच खरा आहे.

२०२४च्या त्या आठवड्यात मायक्रोसॉफ्टने दिलेले साधन अखेर पेनड्राइव्हवरचेच होते. कागदी फितीचेच तत्त्व. मात्र बिटलॉकरने कुलूपबंद केलेला ड्राइव्ह उघडण्यासाठी ४८ अंकी किल्ली लागे, आणि काही ठिकाणी त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर जपून ठेवल्या होत्या, तोही त्याच निळ्या पडद्यापाशी अडकला होता.