ससे मारायला आणलेला प्राणी

परवा एका मित्राने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. 'दादा, हे पांढरं मुंगूस आहे का?' मुंगूस नव्हतं, फेरेट होता. परदेशात लोक हौसेने घरात पाळतात. त्याच्याबद्दल वाचत बसलो, तर एका सरकारी निर्णयाची गोष्ट हाती लागली. म्हटलं, तुम्हालाही सांगावी.

युरोपात पोलकॅट नावाचा रानटी प्राणी आहे, पाणमांजराच्या कुळातला. माणसाने दोन हजार वर्षांपूर्वीच तो माणसाळवला, त्याचाच हा फेरेट झाला. अंग लांबुळकं, पाय आखूड, म्हणून सशाच्या बिळात सहज शिरतो. रोमन काळात स्पेनजवळच्या बलेआरिक बेटांवर सशांनी शेती इतकी फस्त केली, की लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे चक्क सैन्य मागितलं. हे प्लिनीने लिहून ठेवलंय. स्ट्रॅबो सांगतो, असले प्राणी मुद्दाम पाळून, मुसकं बांधून बिळात सोडायचे. मळणीच्या बैलाला आपण बांधायचो, तसंच. ससा बाहेर पळाला की मालक धरायचा. प्राणीही परत मालकाच्याच हातात.

आता न्यूझीलंडला या. तिथे ससे नव्हतेच. गोऱ्या वसाहतवाल्यांनी शिकारीसाठी, खाण्यासाठी नेले. 1870 च्या दशकात सशांनी मेंढ्यांची कुरणं साफ केली. मग सरकारने आणि मेंढपाळांनी उपाय काढला: फेरेट आणून मोकळे सोडायचे. पक्षीतज्ज्ञ वॉल्टर बुलर यांनी विरोध केला. कोण ऐकतो? 1880 च्या दशकात हजारो फेरेट सोडले गेले. वर त्यांना मारू नये म्हणून कायद्याचं संरक्षणही दिलं!

त्या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवर राहणारा मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे किवीसारखे न उडणारे पक्षी निर्धास्त होते. फेरेट मोठ्या किवीलाही मारतो. ससे संपले नाहीत, पक्षी मात्र घटत गेले. 1936 पर्यंत संरक्षण काढून घेतलं गेलं, 2002 मध्ये पैदास आणि विक्री बंद झाली. आज तेच सरकार फेरेट मारायला पैसे खर्च करतंय.

प्राण्याचा काय दोष? रोमन शेतकऱ्याकडे मुसकं होतं आणि तो बिळाच्या तोंडाशी उभा होता. इथे मुसकंही नाही आणि मालकही नाही.

वीसेक वर्षं बैठकांच्या बातम्या करतोय. योजना किती कोटींची, हे सगळे विचारतात. चुकली तर आवरायची कशी, असं कुणी विचारलं की तो विकासविरोधी ठरतो. पुढच्या ग्रामसभेत तुम्ही एवढं विचाराच.