पंडित नैनसिंह : मिलम गांवचे पंतोजी आणि तिबेटाचा नकाशा

मराठी दप्तरें धुंडाळणाऱ्या वाचकांपुढें हिमालयांतील एका शाळामास्तराचें चरित्र कां मांडावें, अशी शंका कोणास येईल. तिचें उत्तर प्रथमच देतों. ज्या पुरुषानें आपली हकीकत स्वहस्तें लिहून ठेविली, त्याची ओळख जगास पुष्कळ काळ दुसऱ्याच्या लेखणींतून उतरलेल्या इंग्रजी अहवालावरून होत राहिली; आणि त्या अहवालावर त्याचें नांवसुद्धां छापलेलें नव्हतें. अस्सल व दुय्यम साधनांचा भेद ज्यांच्या रोजच्या व्यवहारांतला आहे, त्यांस हें प्रकरण परकें वाटूं नये.

नैनसिंह रावत यांचा जन्म इ. स. १८३० मधला. त्यांचें घराणें कुमाऊंतील जोहार खोऱ्यांतल्या मिलम गांवचें. वडिलांचें नांव अमरसिंह. मिलम हें गौरी गंगेच्या उगमाशीं, अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेलें. तेथील शौका लोक उन्हाळ्यांत घाट ओलांडून तिबेटांत जात, धान्य देऊन मीठ व लोंकर आणीत, आणि हिवाळ्यांत खालच्या खोऱ्यांत उतरत. म्हणजे चालणें हा त्यांचा छंद नव्हे, कुलधर्मच होता. आणि तिबेटी भाषा त्यांस बाजारांतच येई. १८५५ ते १८५७ या काळांत श्लागिंटवाइट या जर्मन बंधूंच्या शास्त्रीय प्रवासांत नैनसिंह त्यांच्याबरोबर होते. यंत्रांची ओळख झाली ती तेथें. पुढें १८५८ पासून १८६३ पर्यंत ते मिलमच्या सरकारी शाळेचे मुख्य शिक्षक होते. आपल्याकडे ज्यास पंतोजी म्हणत, त्यास तिकडे पंडित म्हणत. मोजणीखात्याच्या गुप्त कागदांत पुढें गाजलेली ‘पंडित’ ही संज्ञा शास्त्रीपणावरून आलेली नसून या शाळेवरून आलेली आहे, हें ध्यानांत ठेवावें.

शिक्षणखात्यांतील अधिकारी एडमंड स्माइथ यांनीं त्यांचें नांव सुचविलें, आणि १८६३ सालीं नैनसिंह व त्यांचे चुलतबंधु मणिसिंह डेहराडूनच्या त्रिकोणमिति मोजणीखात्यांत दाखल झाले. तिबेटांत गोऱ्या माणसास मज्जाव होता, आणि नकाशावर तो प्रदेश जवळजवळ कोराच होता. कॅप्टन माँटगोमेरी यांनीं या दोघांस शिकवून तयार केलें. चढ असो, उतार असो, पाऊल एकाच लांबीचें पडलें पाहिजे. दोन हजार पावलांचा एक मैल. जपमाळेंत १०८ मण्यांऐवजीं १०० च मणी ओवलेले. दर शंभर पावलांस एक मणी ओढावयाचा, म्हणजे माळेची एक फेरी पुरी झाली कीं दहा हजार पावलें, अर्थात् पांच मैल झाले. तिबेटी यात्रेकरूच्या हातांत फिरतें तें प्रार्थनाचक्र यांच्याही हातीं असे. पण त्यांत मंत्राच्या पट्टीऐवजीं दिशा व अंतरें टिपलेले कागद गुंडाळलेले. पारा कवड्यांत भरलेला, सेक्स्टंट पेटीच्या चोरकप्प्यांत, उष्णतामापक काठींत. पाणी किती अंशांवर उकळतें तें पाहून उंची काढावयाची, आणि पाऱ्याच्या स्थिर पृष्ठावर ताऱ्याचें प्रतिबिंब धरून अक्षांश.

या साधनांच्या कथा सांगणारे पुष्कळ आहेत. पण त्या ऐकतांना साधनें मोठीं होतात व माणूस लहान होतो, असें आम्हांस वाटतें. शंभर मण्यांची माळ कोणासही ओवतां येईल. महिनोगणती रोज मैलोगणती चालून, थंडीनें बोटें बधिर झालीं असतां, एकही मणी न चुकवितां रात्रीं आंकडे उतरून ठेवणें, हें काम हजेरीपट नित्य भरणाऱ्या हाताचेंच आहे.

१८६५ सालीं ते काठमांडूहून निघाले. सरहद्दीवर क्यिरोंगच्या अंमलदारानें अडविलें. मणिसिंह परतले. नैनसिंहांनीं लडाखी व्यापाऱ्याचें सोंग घेतलें आणि आपण ल्हासास जाणार नाहीं अशी जिवाच्या शपथेवर हमी दिली. ही हमी त्यांनीं मोडली. चरित्रकारानें ही गोष्ट लपवूं नये. १८६६ च्या जानेवारींत ते ल्हासास पोंचले. तेथें पैसा संपला, तेव्हां या गुप्त मोजणीदारानें काय करावें? नेपाळी दुकानदारांस हिशेब ठेवण्याची हिंदी पद्धत शिकविण्यास आरंभ केला! वेषांतर कितीही केलें तरी पंतोजी तो पंतोजीच. दोन काश्मिरी व्यापाऱ्यांनीं त्यांस ओळखलें होतें. पण त्यांनीं तें उघड केलें नाहीं, उलट घड्याळ गहाण ठेवून घेऊन थोडी रक्कम दिली. एके दिवशीं तोच क्यिरोंगचा अंमलदार रस्त्यांत दृष्टीस पडला. परवानगीवांचून शहरांत आलेल्या एका चिनी माणसाचा शिरच्छेद त्यांनीं पाहिला होता. तेव्हां त्यांची अवस्था काय झाली असेल, तें वर्णन करण्याचें कारण नाहीं. एप्रिलमध्यें ते ल्हासाहून निघाले आणि त्सांगपो नदीच्या वरच्या खोऱ्यानें मानससरोवराकडून परत आले. सुमारें बाराशें मैल, म्हणजे चोवीस-पंचवीस लाख पावलें, त्यांनीं मोजलीं होतीं. ल्हासाचें स्थान नकाशावर नीट बसलें तें या श्रमानें.

पुढील सफरींचा निर्देश थोडक्यांत करतों. १८६७ मध्यें पश्चिम तिबेटांतील ठोक-जालुंग येथील सोन्याच्या खाणी. १८७३ मध्यें यारकंद. १८७४-७५ मध्यें लेहहून निघून ल्हासा व तवांगमार्गें आसामांत उदलगुडीपर्यंत. त्यानंतर शरीर थकलें, आणि ते नव्या मोजणीदारांस शिकवूं लागले.

आतां नांवाचा प्रश्न. १८६८ सालीं लंडनच्या भूगोल संस्थेच्या नियतकालिकांत माँटगोमेरी यांनीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाच्या मथळ्यांत ‘पंडित’ या शब्दापुढें नांवाची जागा रिकामी आहे. माणूस पुन्हा तिकडे जावयाचा असल्यामुळें हें योग्यच होतें. त्यांचे भाऊबंद किशनसिंह यांची ओळखही ‘ए. के.’ या उलट्या अक्षरांनींच झाली. १८७७ मध्यें त्या संस्थेनें नैनसिंहांस सुवर्णपदक दिलें. आशियाच्या नकाशांत त्या काळच्या कोणाही एका माणसाहून यांनीं अधिक भर घातली, अशा आशयाचे उद्गार कर्नल यूल यांनीं काढले. हें खरें असलें, तरी ही भर सत्तेच्या कामीं पडली हेंही खरें. १९०४ मध्यें यंगहजबंडचें सैन्य ल्हासास गेलें तेव्हां तें शहर इंग्रजांस अज्ञात राहिलेलें नव्हतें. शास्त्र कीं हेरगिरी, असा वाद घालतात. आमच्या मतें दोन्ही, आणि एकाच कागदावर.

मृत्यूच्या सालाबद्दलची गफलत मात्र बोधप्रद आहे. जुन्या इंग्रजी ग्रंथांत ते १८८२ मध्यें पटकीनें वारले असें छापून आलें, आणि एकाचें पाहून दुसऱ्यानें तेंच उतरलें. कुमाऊंतील संशोधकांनीं दिलेली तारीख १ फेब्रुवारी १८९५ ही आहे. तेरा वर्षांचें आयुष्य केवळ नकलेनें पुसलें गेलें! उमा भट्ट व शेखर पाठक यांनीं नैनीतालच्या ‘पहाड’तर्फे २००६ सालीं ‘एशिया की पीठ पर’ हा ग्रंथ काढून नैनसिंहांच्या रोजनिश्या व लेखन पुढें आणलें, तेव्हां आतांपर्यंत मुका असलेला हा पुरुष स्वतःच्या हिंदींत बोलूं लागला. त्यापूर्वी दोन वर्षें भारत सरकारनें त्यांचें टपालतिकीटही काढलें होतें.

१८७१ चें त्यांचें ‘अक्षांश दर्पण’ हें लहानसें हिंदी पुस्तक आहे. अक्षांश कसा काढावा हें पुढील पिढीच्या मोजणीदारांस कळावें म्हणून तें लिहिलेलें आहे. त्या काळच्या हिंदी छापील पुस्तकांच्या गठ्ठ्यांतून व्याकरणें आणि पुराणें निवडून घेतांना आपले संग्राहक अशीं पातळ पुस्तकें बहुधा बाजूला टाकतात. ज्यांच्याकडे उत्तरेकडील असे गठ्ठे आले असतील, त्यांनीं ते एकवार पुन्हा सोडून पाहावे.